डच पुष्पचित्राची नक्कल: फुलं चिकटवल्यासारखी दिसतात, आणि पानं निळी करायची की हिरवी?

तैलरंगी

यान डाव्हिड्स डे हेमच्या 'फुलदाणी' या चित्राची (साधारण १६६०, वॉशिंग्टनची नॅशनल गॅलरी ऑफ आर्ट) नक्कल करायला घेतली आहे. मूळ चित्र जेमतेम ७० बाय ५७ सेंमी. संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून मोठी प्रतिमा फुकट उतरवून घेता येते, त्यामुळे रेखाटनाची अडचण नाही. अडतंय ते रंगकामात.

कॅनव्हास बाजारातला तयार, सुती, जेसो (पांढऱ्या अस्तराचा लेप) लावलेला. पार्श्वभूमी आयव्हरी ब्लॅकची, ट्यूबमधून थेट, दोन हात. वाळल्यावर काही भाग चकचकीत आणि काही पार मॅट झालाय. त्यावरचं प्रत्येक फूल एकेकटं पाहिलं तर बरं दिसतं, पण सगळी मिळून कॅलेंडरमधून कापून चिकटवल्यासारखी. टायटॅनियम व्हाइट घातला की लाल-गुलाबी रंग पिठूळ होतात. सॅप ग्रीनची पानं भडक दिसतात, आणि जुनी डच चित्रं पाहावीत तर कितीतरी पानं चक्क निळसर. मग नकलेतही पानं निळीच करायची का?

काचेची फुलदाणी आणि पानांवरचे थेंब अजून सुरूच केलेले नाहीत. त्यात रत्नागिरीचा पाऊस, रंग वाळायचं नाव घेत नाही. आधी काय, मग काय, कशात किती तेल, असं क्रमाने कोणी सांगेल का?

गेरू-काजळी

फुलं चिकटवल्यासारखी दिसतात याचा दोष रंगांना देऊ नका, क्रम चुकलाय. डच चित्रकारही शेवटचा हात फूल-फूल करूनच फिरवत, पण त्याआधी अख्ख्या चित्रावर एक मंद, बिनचमकीचा थर घातलेला असे. त्याला ते डोटफर्फ म्हणत. कुठलं फूल उजेडात, कुठलं सावलीत, कोण पुढे, कोण मागे, याचा सगळा निकाल त्या थरातच लागायचा. तुम्ही तो थर गाळून थेट शेवटच्या हातावर आला आहात. आता प्रत्येक फूल स्वतःपुरतं उजळलंय आणि शेजारच्याशी त्याचा काही संबंध उरलेला नाही.

सुरुवात जमिनीपासून, म्हणजे रंगाखालच्या अस्तरापासून करू. तयार सुती कॅनव्हास तेल फार पितो, मॅट डाग पडायचं अर्धं कारण ते. त्यावर जेसोचे आणखी दोन-तीन पातळ हात द्या, एक आडवा, एक उभा. प्रत्येक हात वाळला की ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासा. पांढऱ्याशुभ्र जमिनीवर हे चित्र करूच नये. सतराव्या शतकात कॅनव्हासवर बहुधा दोन थरांची जमीन असे, खाली गेरूसारखी लाल माती आणि वर करडा. तुम्हाला एकच रंगीत थर पुरेल: रॉ अंबर दोन भाग, पांढरा तीन भाग, काळा अर्धा भाग. त्यात थोडं अल्किड माध्यम घालून कापडाने पसरवा. अल्किडमुळे तो दिवसभरात वाळतो आणि वरच्या थरांचं तेल खाली ओढलं जात नाही.

रेखाटन उतरवल्यावर पार्श्वभूमी. नुसता काळा नको. हाडांचा काळा, म्हणजे तुमचा आयव्हरी ब्लॅक, फार सावकाश वाळतो, त्याला तेलही भरपूर लागतं, आणि असा जाड, तेलकट, कच्चा थर खाली राहिला तर वरचा थर आधी कडक होऊन तडकतो. बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीन समभाग घ्या, वर चिमूटभर काळा. अंबर लवकर वाळतो आणि सोबतच्या रंगालाही वाळवतो. रंग पातळच लावा, आणि सगळीकडे सारखा गडद नको. उजेड डावीकडून वरून येतोय असं धरलं तर गुच्छाच्या उजव्या, सावलीच्या बाजूला पार्श्वभूमी किंचित उजळ ठेवायची आणि डाव्या बाजूला गडद. उजळ फुलामागे अंधार, अंधाऱ्या पानामागे थोडा उजेड. गुच्छाला गोलाई यायला एवढ्याने बरीच मदत होते.

फुलांच्या जागा मोकळ्या राखायच्या. काळ्यावर फूल चढवू नका. पार्श्वभूमी फुलाच्या रेषेच्या आत दोन-तीन मिलिमीटर येऊ द्या, म्हणजे कड नंतर मऊ करता येते. बारीक देठ, गव्हाच्या ओंब्या, फुलपाखराच्या मिशा मात्र अगदी शेवटी, वाळलेल्या पार्श्वभूमीवरूनच ओढायच्या.

आता डोटफर्फ. माध्यम नुसतं टर्पेंटाइन, फार तर त्यात दहावा भाग जवसाचं तेल. प्रत्येक वस्तूला एक मधला रंग आणि एक सावलीचा रंग, बस. पांढऱ्या गुलाबाला करडा: पांढरा, काळा आणि नखभर पिवडी. या टप्प्याला चित्रात कुठेही शुद्ध पांढरा दिसता कामा नये. लाल खसखशीच्या फुलाला कॅडमियम रेड लाइट (मूळ चित्रांत हिंगूळ असे) आणि सावलीला गेरू अधिक काळा. निळ्या फुलाला अल्ट्रामरीन आणि पांढरा, शेवटी हवा आहे त्यापेक्षा फिकट. पिवळ्याला पिवडी. पानांना काळा अधिक पिवडी अधिक थोडा पांढरा. काळा आणि पिवडी मिळून ऑलिव्ह हिरवा होतो, आणि पानांची सुरुवात तिथूनच करायची. सॅप ग्रीनची ट्यूब बंद करून ठेवा.

हा थर पूर्ण झाला की मोबाइलवर फोटो काढा, कृष्णधवल करा आणि टपाल तिकिटाएवढा लहान करून बघा. गुच्छ एका चेंडूसारखा उजळत सावलीत वळताना दिसला तर पुढे जा. ठिगळं दिसली तर इथेच दुरुस्त करा. पुढच्या थरांत ती झाकली जात नाहीत.

दुरुस्ती करताना तीन गोष्टी बघायच्या. पहिली, पडछाया. वरच्या फुलाची सावली खालच्या फुलावर पडलीच पाहिजे. नकलांमध्ये सर्वांत जास्त वेळा हीच राहून जाते आणि चिकटवल्याचा भास सर्वांत जास्त तिच्यामुळेच होतो. दुसरी, मागची पानं. त्यांना शिरा नाहीत, चमक नाही, कड धूसर, आणि पार्श्वभूमीपेक्षा फक्त एक पायरी उजळ. फोटो कितीही मोठा करून पाहता आला तरी तिथे तपशील भरायचा मोह आवरा. तिसरी, उजेडाची वाटणी. सर्वांत उजळ पांढरे-गुलाबी तीन-चार फुलांतच, तेही मध्याच्या आसपास. निळी-जांभळी फुलं कडेला.

हे सगळं चित्रकाराला ठरवून करावं लागे, कारण समोर असा गुच्छ कधी नसायचाच. ट्यूलिप एप्रिल-मेचा, गुलाब जूनचा, गव्हाची ओंबी त्यानंतरची. फुलं वेगवेगळ्या महिन्यांत, वेगवेगळ्या उजेडात अभ्यासलेली. चित्रात त्यांना एकाच खिडकीचा उजेड द्यायचा. यान ब्रूगेल थोरल्याने १६०६ साली मिलानच्या कार्डिनल बोरोमेओंना लिहिलं होतं की अँटवर्पमध्ये न मिळणारी फुलं प्रत्यक्ष पाहून काढायला आपण ब्रुसेल्सला गेलो. यान व्हान हौसमने तर १७४२ मध्ये गिऱ्हाइकाला कळवलं की पिवळा गुलाब मिळाला नाही म्हणून चित्र अडलंय. लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या त्याच्या मातीच्या फुलदाणीच्या चित्रावर १७३६ आणि १७३७ अशी दोन सालं आहेत.

डोटफर्फ अंगठ्याला चिकटेनासा झाला की शेवटचा हात. आता माध्यम दोन भाग टर्पेंटाइन, एक भाग जवसाचं तेल. झिलईच्या, म्हणजे ग्लेझच्या पारदर्शक थरांना समभाग, आणि तिथे साध्या तेलाऐवजी स्टँड ऑइल (तापवून दाट केलेलं जवसाचं तेल) घेतलं तर कुंचल्याचे ओरखडे राहत नाहीत. वरच्या थरात तेल नेहमी खालच्यापेक्षा जास्त. हे उलटं झालं की तडे ठरलेले.

हरताळ

वरच्या प्रतिसादात भर घालण्यासारखं फार नाही. पानांच्या निळेपणाबद्दल लिहितो.

ती पानं निळी रंगवलेली नव्हती, निळी झाली आहेत. हिरव्यासाठी चांगलं, टिकाऊ, गडद रंगद्रव्य त्या चित्रकारांकडे जवळजवळ नव्हतंच. तांब्याचे हिरवे होते, पण ते पारदर्शक झिलईत कालांतराने तपकिरी पडतात. म्हणून हिरवा बहुतेक वेळा निळा आणि पिवळा मिळून केला जाई, आणि त्यातला पिवळा बऱ्याचदा वनस्पतीचा. वेल्ड नावाच्या झाडाचा किंवा बकथॉर्नच्या कच्च्या फळांचा रस काढून तो खडू-तुरटीवर बसवायचा आणि तेलात घोटायचा. असा पिवळा निळ्यात मिसळत किंवा निळ्यावर झिलई म्हणून देत. उजेडाने तो उडाला आणि खालचा निळा उघडा पडला. व्हान हौसमच्या चित्रांत हे अगदी ठळक दिसतं, इतरांच्याही पुष्कळ चित्रांत आहे.

तेव्हा आधी ठरवा: चित्र आज भिंतीवर जसं आहे तसं हवंय, की चित्रकाराच्या हातून उतरलं तसं? दोन्ही नकला रास्त आहेत, फक्त एकाच चित्रात दोन्हींची भेसळ नको. निळी पानं ठेवलीत आणि बाकी रंग ताजे केलेत तर चित्र कुठल्याच काळाचं राहत नाही. माझं मत विचाराल तर शिकण्यासाठी हिरवीच करा, कारण झिलईने हिरवा कसा उभा राहतो हे त्यातच कळतं.

कृती अशी. खाली गेरू-काजळीने सांगितलेला ऑलिव्ह थर. तो वाळल्यावर पानाचा उजेडातला भाग फिकट निळसर करड्याने घडवायचा: पांढरा, अल्ट्रामरीन, किंचित काळा. या टप्प्याला तुमची पानं आजच्या व्हान हौसमसारखी दिसतील. शिरा इथेच, त्याही आसपासच्या रंगापेक्षा थोड्याच उजळ. हा थर पूर्ण वाळला की वरून पारदर्शक पिवळ्याची झिलई. ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा आणि पी.वाय. १५० असलेला घ्या. तो पारदर्शक आहे आणि उजेडात टिकतो. कॅडमियम पिवळा अपारदर्शक, त्याने झिलई होत नाही, नुसता लेप बसतो. झिलई कुंचल्याने लावून मऊ कापडाने किंवा बोटाने जवळजवळ पुसून काढायची. पानाच्या उजेडाच्या टोकाला निळसर करडा थोडा उघडा ठेवा, आभाळाचा उजेड पडल्यासारखा दिसतो. सावलीत पिवळ्यात थोडा बर्न्ट सिएना.

इतर रंगांची अवस्थाही माहीत असलेली बरी, नाहीतर नक्कल करताना म्हातारपणच रंगवलं जातं. मंजिष्ठ आणि किरमिजाच्या कीटकांपासून केलेले लाल लेक (रंगरसापासून बनवलेली रंगद्रव्यं) उडतात, त्यामुळे आज फिकट दिसणारा एखादा गुलाब मुळात बराच गुलाबी असू शकतो. स्माल्ट म्हणजे कोबाल्टची निळी काच दळून केलेला रंग. तेलात तो करडा पडतो. सगळ्यात वाईट गत हरताळाची, म्हणजे ओर्पिमेंट या आर्सेनिकच्या पिवळ्याची. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आब्राहम मिन्योनचं फुलांचं आणि घड्याळाचं एक चित्र आहे. त्यातला पिवळा गुलाब आज सपाट, निर्जीव दिसतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्ष-किरणांनी त्या भागातलं आर्सेनिक नकाशासारखं टिपलं, तेव्हा पाकळ्यांचे सगळे फटकारे परत दिसले. हरताळ विघटित होऊन त्यातलं आर्सेनिक शिशाबरोबर रंगहीन संयुगांत गेलं होतं. मिन्योन हा डे हेमच्याच उत्रेख्तच्या वर्तुळातला. म्हणून डे हेमच्या चित्रातलं पिवळं फूल सपाट वाटलं तर ते तसंच उतरवू नका. पाकळ्यांची वळणं खऱ्या फुलावरून भरा.

यापलीकडे, जुनं वॉर्निश पिवळं पडलेलं असेल तर निळं हिरवट आणि पांढरं साय आल्यासारखं दिसतं. वयानुसार रंगाचे थर जास्त पारदर्शकही होतात आणि खालची गडद जमीन वर डोकावते. त्यामुळे सावल्या मुळात होत्या त्याहून काळ्या दिसतात. सावल्यांत थोडा जास्त तपशील आणि रंग ठेवायला हरकत नाही.

तैलरंगी

दोघांचेही आभार. हे आधी माहीत असतं तर काळ्याच्या ट्यूबा वाचल्या असत्या. पिठूळ गुलाबीचं काय करावं? शिशाचा सफेदा मिळवावा का? आणि वाळलेले मॅट डाग आता घालवता येतील का?

गेरू-काजळी

शिशाच्या सफेद्याच्या वाटेला जाऊ नका. तो लवचीक, उबदार आणि अर्धपारदर्शक असतो हे खरं, पण विषारी आहे. त्याची पूड हाताळणं किंवा वाळलेला थर घासणं घरात कधीच नको. नुसता झिंक व्हाइटही टाळा. तो पारदर्शक आणि मऊ वाटतो, पण वाळल्यावर ठिसूळ होऊन तडकतो, खालून सुटतोही.

टायटॅनियमचाच वापर शिका. त्याची झाकण्याची ताकद जबर, म्हणून इतर रंगांत अगदी थोडा घालायचा. तो रंग थंड करतो, त्यासाठी पांढऱ्याच्या एका ट्यूबभर रंगात वाटाण्याएवढा कॅडमियम लेमन आणि त्याच्या निम्मी पिवडी मिसळून आधीच एक उबदार पांढरा करून ठेवा. आणि गुलाबी रंग लाल-पांढऱ्याच्या मिश्रणातून काढायचाच नाही. आधी गुलाबाचा आकार करड्या आणि फिकट गुलाबीत पूर्ण घडवा, वाळू द्या, मग लाल झिलई द्या. सावलीत दोनदा, मध्यावर एकदा, उजेडात जवळजवळ नाही. तिथे उबदार पांढऱ्याचे शेवटचे फटकारे. लाल झिलईसाठी ॲलिझरिन क्रिमझन, म्हणजे पी.आर. ८३ नको, पातळ थरात तोही उडतो. पी.आर. १७७ किंवा पी.व्ही. १९ घ्या.

मॅट डागांसाठी: थर पूर्ण वाळलेला असेल तर जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन समभाग, कापसाच्या चिंधीने अगदी पातळ चोळा, दहा मिनिटांनी स्वच्छ कापडाने सगळं पुसून काढा. रंगाची मूळ खोली परत दिसते आणि त्यावर लगेच काम सुरू करता येतं. तेलाचा ओघळ किंवा चिकट थर शिल्लक ठेवू नका, तो पिवळा पडतो. आणि त्या तेलकट चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यातली उष्णता बाहेर जात नाही आणि चिंधी आपोआप पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून मग टाका.

बारीक_कुंचला

पट्ट्यांचा ट्यूलिप, थेंब आणि काच, तिघांचं एकदम सांगतो.

ट्यूलिपच्या पट्ट्या विषाणूमुळे येतात, तो मावा किडीतून पसरतो. (१६३७ च्या फेब्रुवारीत बाजार कोसळला तोवर अशाच कांद्यांना वेड्यासारखे भाव होते. हे पट्टे रोगाचे आहेत हे तेव्हा कोणाला ठाऊक नव्हतं.) रंगवताना उपयोगी पडणारी गोष्ट ही की मुळात पाकळी पांढरी किंवा पिवळी असते आणि लाल त्यावर ज्वाळेसारखा असतो. म्हणून आधी पूर्ण पांढरी पाकळी करड्या सावल्यांसह घडवायची आणि पूर्ण वाळू द्यायची. मग १ नंबरच्या सेबल कुंचल्याने लाल, पाकळीच्या कडेकडून बुंध्याकडे ओढत, प्रत्येक रेषा पाकळीच्या वळणाप्रमाणे. कडेला दाट, आत येताना तुटक. सगळ्या रेषा सारख्या जाडीच्या झाल्या की पाकळी सपाट झालीच म्हणून समजा. सावलीतल्या लालमध्ये थोडा काळा मिसळा, नाहीतर पट्टे पाकळीवरून सुटून तरंगतात.

थेंब. पान पूर्ण वाळलेलं हवं. उजेड डावीकडून वरून असेल तर:

थेंबाचा डावा-वरचा भाग पानापेक्षा गडद. हे उलटं वाटतं, पण उजेड थेंबात शिरून पलीकडे गोळा होतो.
उजवा-खालचा भाग पानापेक्षा उजळ, पिवळसर हिरवा, कडेकडे जास्त.
दोन्ही ओले असतानाच कोरड्या मऊ कुंचल्याने सांधा पुसायचा.
थेंबाच्या बाहेर उजवीकडे खाली पातळ पडछाया, आणि त्या छायेत मधोमध उजेडाचा एक लहानसा डाग.
वाळल्यावर गडद भागात पांढऱ्याचा एकच ठिपका, थोडा जाड.

दोन ठिपके दिले की थेंब काचेच्या मण्यासारखा कठीण दिसतो. आणि थेंब चित्रभर शिंपडू नका. पाचाच्या वर गेलात की डोळा तिथेच अडकतो.

काचेची फुलदाणी रंगवायची म्हणजे तिच्यातून दिसणारं रंगवायचं. आधी आतलं: पाणी, देठ, मागचा अंधार. देठ पाण्याच्या रेषेशी तुटून थोडे बाजूला सरकलेले दिसतात, पाण्यात जरा जाड. फुलदाणीचा मधला भाग बहुतेक पार्श्वभूमीचाच रंग, एखादी पायरी हिरवट. त्यावर अल्ट्रामरीन-अंबरची पातळ झिलई कडांकडे, कारण तिथे काच जाड दिसते. शेवटी खिडकीचं प्रतिबिंब. तुमच्या चित्रात ते आहेच. नीट बघा, खिडकीच्या रेषा सरळ नाहीत, फुगवट्याप्रमाणे वाकलेल्या आहेत. उजेडाच्या बाजूचं प्रतिबिंब तेजस्वी आणि निळसर. समोरच्या आतल्या बाजूला उजेड पार होऊन पडलेला एक मंद, उबदार पट्टा. हा पट्टा राहून गेला तर फुलदाणी काचेची न दिसता पितळेची दिसते. अँटवर्पची क्लारा पेटर्स अशा चकचकीत पृष्ठभागांवर स्वतःच्या इवल्याशा प्रतिमा काढायची. तेवढ्या बारकाव्यात शिरायची गरज नाही.

हाताखाली टेकायची काठी घ्या. हात ओल्या रंगावर टेकवून हे काम होत नाही.

सरावासाठी दादरच्या फूलबाजारातून गुलाब आणता येतील, पण गुलाब दोन दिवसांत उमलून आकार बदलतो. पहिल्या दिवशी संपूर्ण आकार आणि सावल्या, दुसऱ्या दिवशी रंग. जास्वंदीसारखं एका दिवसाचं फूल असेल तर थेट रंगातच छोटा अभ्यास करून ठेवा. रत्नागिरीत आहात तर शंख-शिंपले सोपे; कोमेजत नाहीत. बाल्थाझार व्हान डेर आस्टने फुलांशेजारी जे शंख मांडले त्यांतलेही बरेच हिंदी महासागराकडून आणि पूर्वेकडच्या बेटांवरून डच जहाजांनी नेलेले.

ओसरीवरून

विषयाला थोडं सोडून. डच घरगुती प्रसंगचित्रांनाही हाच क्रम लागू पडतो का? टेर बोर्खच्या साटिनच्या झग्यांवर नजर ठरत नाही.

गेरू-काजळी

जमीन, डोटफर्फ, शेवटचा हात, हे तसंच. साटिनला मात्र झिलईपेक्षा ओल्यात ओलं काम जास्त. टेर बोर्खचं राइक्सम्युझियममधलं पाठमोऱ्या तरुणीचं चित्र (साधारण १६५४) घ्या. झगा पांढरा वाटतो, पण नीट पाहिलं तर बहुतेक क्षेत्र करडं आहे. पांढरा फक्त घड्यांच्या कण्यावर. करड्याच्या चार पायऱ्या पॅलेटवर आधीच मिसळून ठेवायच्या: सर्वांत गडद उबदार, मधला थंड, त्यापुढचा थंड आणि उजळ, शेवटचा उबदार पांढरा. साटिनमध्ये गडद आणि उजळ यांच्यातला बदल झटकन होतो. लोकर किंवा सुती कापडात सावकाश. ब्लेंडरने (कोरड्या मऊ कुंचल्याने) सगळीकडे सांधे पुसत बसलात की साटिनचं फ्लॅनेल होतं. घडीच्या एका बाजूची कड तीक्ष्ण ठेवा आणि दुसरीच पुसा. घड्यांच्या सावलीत जमिनीचा किंवा शेजारच्या टेबलावरच्या गालिच्याचा रंग थोडा परावर्तित होतो, तो विसरू नका.

फरशीच्या चौकटींसाठी: व्हर्मीर आणि पीटर डे होख यांच्या चित्रांत दृष्टिबिंदूवर (मागे जाणाऱ्या रेषा जिथे एकत्र येतात तिथे) टाचणीचं भोक सापडलंय. टाचणीला खडू चोळलेला दोरा बांधायचा, ताणून टिचकी मारायची, रेष उमटते. सुतार लाकडावर मारतात तशीच. आधी खोली आखायची, माणसं नंतर. डे होखने काही ठिकाणी माणसं आधी रंगवलेल्या फरशीवर काढली आहेत, तिथे आज अंगातून फरशीच्या रेषा दिसतात. टायटॅनियमने ती भीती नाही, पण जागा राखलेली बरी.

आणि हो, ओसरीवरून, विषय इतकाही लांबचा नाही. हार्लेमचा कोर्नेलिस क्लास हेडा नावाचा चित्रकार सतराव्या शतकाच्या सुरुवातीला विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी होता.

हरताळ

मुंबईला जाणं झालं तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली युरोपीय चित्रं बघा, टाटांच्या संग्रहातून आलेली. पडद्यावर थरांची जाडी कळत नाही. चित्राच्या बाजूला उभं राहून तिरक्या उजेडात पाहा. पांढरे फटकारे उठलेले आणि सावल्या बसलेल्या दिसतात. नकलेत उलटं होतं, काळं जाड आणि पांढरं पातळ.

सावंतवाडीकर

रंगकामाचं सगळं सांगून झालंय, पावसाचं राहिलं.

तेलरंग पाणी उडून वाळत नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतो. दमट आणि अंधाऱ्या जागेत हे मंदावतं. जून ते सप्टेंबर प्रत्येक थराला दुप्पट वेळ धरून चाला: उन्हाळ्यात डोटफर्फला आठवडा लागत असेल तर पावसात दोन. शेगडीजवळ किंवा हेअर ड्रायरने वाळवू नका, वर साय धरते आणि आत कच्चं राहतं. पंखा चालेल, चित्रापासून लांब, म्हणजे धूळ चिकटत नाही. खालच्या थरांना, पावसात डोटफर्फलाही नुसत्या टर्पेंटाइनऐवजी, अल्किड माध्यम वापरा, पण एकदा वापरलं की वरच्या थरांतही तेच किंवा त्याहून तेलकट ठेवा. मध्येच नुसत्या टर्पेंटाइनवर येऊ नका.

चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायची सवय असेल तर सोडा. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. थेट ऊन नको, पण खोलीतला उजेड हवा. पांढऱ्या फुलांसाठी अक्रोडाचं तेल घेतलंत तर पिवळेपणा कमी. वाळायला मात्र जास्त दिवस. खसखशीचं तेल त्याहून सावकाश, कोकणात त्याच्या नादी लागू नका.

बुरशी बहुधा मागून येते. कॅनव्हास भिंतीला टेकवू नका, खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून बोटभर अंतर ठेवा. सुती कॅनव्हास पावसात सैल पडतो. तेव्हाच पाचर ठोकून ताणू नका, कोरड्या हवेत तो आपसूक आवळतो आणि जास्तीचा ताण रंगावर येतो.

वॉर्निशची घाई नको. पातळ चित्राला सहा महिने, जाड फटकाऱ्यांना वर्ष. नखाने पांढऱ्याच्या जाड भागावर दाबून बघा, खूण उमटली तर अजून कच्चं आहे. तोवर चमक एकसारखी हवी असेल तर रिटच वॉर्निशचा (तात्पुरत्या, हलक्या वॉर्निशचा) एक पातळ हात पुरतो. शेवटचं वॉर्निश लावाल तो दिवस कोरडा निवडा, नोव्हेंबरनंतरचा. दमट हवेत लावलं की त्यावर पांढुरका धुरकट पडदा येतो आणि तो काढताना काळी पार्श्वभूमी सर्वांत आधी खराब होते.

माप मुळापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर कमी-जास्त ठेवा आणि मागच्या बाजूला पक्क्या शाईने 'नक्कल', स्वतःचं नाव आणि साल लिहा. पुढे चित्र कोणाच्या हाती जाईल सांगता येत नाही.

तैलरंगी

काळा थर घासून काढू की त्यावरच नवी जमीन देऊ?

गेरू-काजळी

दोन्ही नको. खालचा काळा अजून कच्चा असणार. त्यावर काहीही चढवलंत तरी तडकेल. आणि तेलरंगावर ॲक्रिलिक जेसो बसतच नाही, पापुद्रे निघतात. तो कॅनव्हास बाजूला ठेवा, थेंब आणि काचेच्या सरावाला वर्षभराने वापरता येईल. चित्र नव्या कॅनव्हासवर घ्या.